थंडीत हेले-गोऱ्हे खंगतात, खोकतात, वजन थांबतं: दरवर्षी तेच का होतं?

दिवाळीला अंगावर तकाकी असलेली जनावरं संक्रांतीला बघा. पाठीचे केस उभे, बरगड्या मोजता येतात, सकाळी गोठ्यात शिरलं की चार-सहा तरी खोकत असतात. खानदेशात चोपडा-यावलपासून साक्री-शहाद्यापर्यंत कुठेही विचारा, उत्तर ठरलेलं: "ढोरले थंडी लागनी." उपायही ठरलेलेच. चारही बाजूंनी ताडपत्री, रात्री शेकोटी, सकाळी गूळ आणि बाजरीचा भरडा. फेब्रुवारीत ऊन तापलं की जनावर आपोआप सावरतं आणि श्रेय मात्र ताडपत्रीला जातं. पुढच्या डिसेंबरात पुन्हा तेच.

इथे दुभत्या म्हशींबद्दल लिहीत नाही. त्यांची उस्तवार सगळेच करतात, कारण रोज बादलीत हिशोब दिसतो. प्रश्न आहे तो मागच्या दावणीला बांधलेल्या वाढत्या जनावरांचा: हेले आणि वगारी (म्हशीचे नर आणि माद्या), गोऱ्हे आणि कालवडी (गाईचे). राज्याच्या १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यात २०१५ साली बदल झाला, गाईबरोबर बैल-गोऱ्ह्यांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे मांसासाठी जनावर वाढवायचं तर आपल्याकडे तो हेलाच. गोऱ्हा वाढवायचा तो शेतीकामासाठी, नाहीतर जोडी विकण्यासाठी. पण हिवाळ्यात दोघांचं दुखणं एकच असतं, म्हणून इथे एकत्रच घेतले आहेत.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्याकडची थंडी वाढत्या जनावराला खंगवण्याइतकी कडक नाही. खंगवतात ते ओली जमीन, कोंडलेली हवा, प्रथिनांविना कोरडा कडबा आणि गार पाणी. थंडी फक्त या चारही चुका एकाच महिन्यात उघड्या पाडते.

आधी टेप लावा

"वजन थांबलं" हे डोळ्यांनी ठरवू नका. हिवाळ्यात केस वाढतात, पोट कडब्याने भरलेलं असतं, नजर फसते. शिंप्याकडची साधी टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. मग खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन येतं. ५० इंच घेर आणि ४४ इंच लांबी असेल तर १६६-१६७ किलो. वजनकाट्याइतकं नेमकं नसेल, पण दर वेळी सकाळी, चाऱ्याआधी, त्याच माणसाने मोजलं तर फरक बरोबर कळतो.

बऱ्यापैकी खाणारा हेला दिवसाला ४०० ते ५०० ग्रॅम वाढतो, म्हणजे महिन्याला १२ ते १५ किलो. या आकाराच्या जनावरात ते छातीच्या घेरावर दीड-दोन इंच दिसायला हवं. महिनाभरात टेप हलली नाही तर वाढ खरंच थांबली आहे.

मग जनावराकडे नीट बघा, कारण खोकणारं जनावर आणि खंगणारं जनावर यांची कारणं वेगळी असतात. पहाटे खोकतं, डोळ्यांतून पाणी येतं, पण दुपारी मोकळ्यावर बांधलं की ठणठणीत असतं, तर दोष गोठ्याच्या हवेत आहे. खोकत नाही, खातंही आहे, पण शेण कोरडं, गोळ्या-गोळ्यांचं पडतं आणि केस रुक्ष आहेत, तर चारा आणि पाणी बघा. शेण पातळ, जबड्याखाली लोंबती सूज, पापणीची आतली बाजू पांढरट, तर जंत. आणि खाणंच सोडलं, अंग तापलं, श्वास जोरात चालला असेल, तर हे वाचत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

गोठ्यातली थंडी खालून येते

धुळ्याचा पारा काही वर्षी ५-६ अंशांपर्यंत उतरतो, बातम्या येतात, आपण घाबरतो. पण त्याच दिवशी दुपारी २८-३० अंश असतात. म्हणजे खरी गार वेळ पहाटे तीन ते सकाळी आठ. पोट भरलेलं, अंग कोरडं आणि वाऱ्याच्या आडोशाला असलेलं सहा महिन्यांवरचं जनावर एवढे तास सहज काढतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातच शेगडी असते. चारा आंबताना उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर चार-सहा तासांनी सगळ्यात जास्त असते.

ती उष्णता जाते कुठे? अंगाखालच्या ओल्या कोब्यात. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेतं. मुताने ओल्या झालेल्या सिमेंटवर रात्रभर बसलेला हेला खाल्लेल्या चाऱ्यातला मोठा वाटा फक्त अंग गरम ठेवण्यात घालवतो. म्हशीच्या जातीला अंगावर केस विरळ, त्यामुळे हेल्याला याचा फटका गोऱ्ह्यापेक्षा जास्त बसतो.

आपल्याकडे गोठे बांधले जातात मे महिना डोळ्यांसमोर ठेवून, आणि ते योग्यच आहे, पंचेचाळीस अंशांत दुसरं काय करणार. पण मग उन्हाळ्यातली सवय हिवाळ्यातही चालू राहते: संध्याकाळी दूध काढायच्या आधी पाइप लावून गोठा धुवायचा, लगे हात म्हशींनाही धुवायचं. डिसेंबरात ते पाणी सकाळपर्यंत वाळत नाही. धुवायचंच तर सकाळी दहा-अकराला धुवा, म्हणजे दुपारच्या उन्हात जमीन कोरडी होईल. संध्याकाळी फक्त शेण ओढा आणि ओल्या जागी राख नाहीतर कोरडी माती टाका.

जमीन कोरडी आहे की नाही हे कळायला एक सोपी चाचणी आहे. जनावर बसतं त्या जागी गुडघे टेकून वीस सेकंद बसा. पॅन्टला ओल लागली, तर तुमचं जनावर रात्रभर तिथेच बसलेलं असतं.

खाली अंथरायला काय हे तुमच्या भागावर अवलंबून आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात वाळलेली केळीची पानं फुकट मिळतात आणि ती चांगली मऊ असतात. इतरत्र गव्हाचं किंवा सोयाबीनचं कुटार, उसाचं पाचट. नवापूरकडे भाताचा तूस. पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळल्या झाडांचे) तुकडे काही जण टाकतात, ते नको; टोकं सडाला आणि गुडघ्याला लागतात. थर चार ते सहा इंचांचा हवा, त्याहून पातळ असेल तर दोन दिवसांत चिखल होतो. रोज सगळं काढायची गरज नाही. शेण उचला, ओलं दिसेल तिथे वरून नवीन टाका आणि फेब्रुवारीअखेर एकदम खणून काढा. मूत मुरलेलं हे अंथरूण शेतात गेलं की खत म्हणून उकिरड्यापेक्षा सरस ठरतं, त्यामुळे कुटार वाया गेलं असं वाटून घेऊ नका.

जमिनीला उतार नसेल तर हे सगळं फोल आहे. दहा फुटांना तीन इंच एवढा उतार पुरतो. कोबा फोडायची ताकद नसेल तर निदान मुताची नाली मोकळी ठेवा. निम्म्या गोठ्यांमध्ये ती शेणाने बुजलेली असते.

ताडपत्री खाली सोडा, वर नाही

हा मुद्दा पटवायला सगळ्यात अवघड जातो. चारही बाजूंनी ताडपत्री बांधली की गोठा उबदार वाटतो, आणि माणसाला जे उबदार वाटतं ते जनावराला चांगलंच असणार, असं आपण धरतो. पण एक मोठं जनावर रात्रभरात श्वासातून आणि अंगातून कित्येक लिटर पाणी हवेत सोडतं. बंद गोठ्यात ती वाफ गार पत्र्याला लागून पहाटे थेंबथेंब पाठीवर पडते. त्यात मुतातून निघणारा अमोनिया. तो नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या नळीची आतली लव निकामी करतो, म्हणजे जंतू बाहेर ढकलणारी यंत्रणाच बंद पडते. त्यानंतर येणारा खोकला थंडीचा नसतो, गोठ्याच्या हवेचा असतो.

तपासायचं तर पहाटे पाचला, पडदे उघडायच्या आधी आत जा आणि खाली बसा, तोंड जनावराच्या नाकाच्या उंचीला आणा. उभं राहून वास कळत नाही. बसल्यावर डोळे चुरचुरले तर निदान झालंच.

आपल्याकडे हिवाळ्यातला बोचरा वारा उत्तरेकडून, ईशान्येकडून, सातपुड्याच्या अंगाने येतो. आडोसा तेवढ्याच बाजूला पुरतो, आणि तोही जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंत. त्याच्यावर, छपराखाली, एक-दीड फुटाची फट उघडीच ठेवायची. गरम दमट हवा वर चढून तिथून निघून जाते आणि खाली बसलेल्या जनावराला झोत लागत नाही. ताडपत्रीपेक्षा शिवलेलं बारदान बरं, कारण त्यातून थोडी हवा खेळते. सकाळी नऊ वाजले की पडदे गुंडाळून वर.

दक्षिणेची बाजू मात्र पूर्ण मोकळी हवी. उन्हाळ्यात लावलेलं हिरवं शेडनेट बहुतेक ठिकाणी तसंच लोंबत असतं, ते काढा. जळगाव-धुळ्याच्या अक्षांशावर डिसेंबरात भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेची वळचण जितकी उंच, जवळपास तितकंच ऊन गोठ्यात आत शिरतं. नऊ फूट उंच वळचण असेल तर दुपारी नऊ फूट जमीन उन्हाने वाळते. एवढं फुकट मिळणारं वाळवण शेडनेटने अडवायचं कशाला?

शेकोटीबद्दल: मोकळ्या अंगणात, लांब पेटवा, हरकत नाही. पण पडदे टाकलेल्या गोठ्यात धूर करू नका. २०२२ मध्ये लम्पी आला, रावेर तालुक्यातून त्या साथीची राज्यातली सुरुवात झाली, आणि माश्या-गोचिडांसाठी कडुनिंबाच्या पाल्याची धुरी घराघरांत सुरू झाली. ती सवय टिकली आहे. माश्या आहेत तेव्हा, उघड्या गोठ्यात, संध्याकाळी थोडा वेळ धुरी केली तर ठीक. डिसेंबरात बंद गोठ्यात रात्रभर धुमसणारा पाला म्हणजे खोकल्याला आमंत्रण. शिवाय कडब्याची गंजी शेजारीच असते, ती पेटू शकते हे वेगळं सांगायला नको.

पोट भरलंय, पण उपाशी

आता चाऱ्याकडे. वजन थांबण्याचं खरं कारण दहापैकी आठ गोठ्यांत इथे सापडतं, असा माझा अंदाज आहे.

आपल्या चाऱ्याचं वेळापत्रक बघा. दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा, ज्यावर खानदेशातल्या जनावरांचा जीव, तो हाती येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरात दादर शेतात उभी असते आणि मागच्या वर्षीची गंजी तळाला गेलेली असते. बांधावरचं गवत वाळून काडी झालेलं असतं. उरतो तो खरिपाच्या मक्याचा जाड, कोरडा कडबा आणि सोयाबीनचं कुटार. जनावर ते खातं, पोट टम्म दिसतं, मालक समाधानी.

पण ज्वारीच्या कडब्यात प्रथिनं ३ ते ५ टक्के, मक्याच्या कडब्यात जेमतेम त्याच्याइतकी, गव्हाच्या कुटारात ३ च्या आसपास. पोटातल्या जिवाणूंना कडबा पचवायला चाऱ्यात निदान ७ टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की जिवाणू कमी होतात, कडबा पोटात जास्त दिवस पडून राहतो, पोट रिकामं होत नाही आणि जनावर आणखी कमी खातं. म्हणून शेण कोरडं, गोळ्यांचं.

अशा वेळी गूळ आणि बाजरी देणं म्हणजे चुकीच्या कुलपाला किल्ली. दोन्ही ताकद देतात, पण अडलंय ते प्रथिनांपाशी. उलट भरडा एकदम जास्त झाला तर पोटात आम्ल वाढून कडब्याचं पचन आणखी मंदावतं. थोडी बाजरी चालेल, मी तिच्या विरोधात नाही, पण ती ढेपेच्या (तेल काढून उरलेल्या सरकीच्या पेंडीच्या) जोडीला, ढेपेऐवजी नाही.

२०० किलोच्या हेल्याचा ढोबळ हिशोब सांगतो. त्याला दिवसाला सुमारे ६ किलो कोरडा चारा-खुराक लागतो, आणि अर्धा किलो वाढ हवी असेल तर त्यात साधारण ५०० ग्रॅम प्रथिनं हवीत. साडेचार किलो कडब्यातून मिळतात १८० ग्रॅम. टरफलासकटच्या सरकी ढेपेत २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे एक किलो ढेपेतून २२० ग्रॅम. तीन किलो हिरवा लसूणघास दिला तर आणखी शंभर-सव्वाशे. झाले पाचशे. जिनिंगच्या या पट्ट्यात ढेप हाताशी असते, तरी ती सगळी दुभत्या म्हशीच्या घमेल्यात जाते. हेल्याला ढेप घालायची म्हटलं की घरातले मोठे "काय सोन्याचा आहे का तो?" असं विचारतात. तीन महिने न वाढता खाल्लेल्या कडब्याची किंमत मात्र कोणी काढत नाही.

ढेप परवडतच नसेल तर कुटारांमध्ये फरक करा. भुईमुगाचा पाला मिळाला तर सोडू नका, त्यात १० टक्क्यांच्या वर प्रथिनं असतात. तूर आणि हरभऱ्याचं कुटार गव्हाच्या कुटारापेक्षा सरस. तूर-हरभऱ्याची चुणी (डाळ करताना उरलेला चुरा) स्थानिक डाळमिलमधून मिळते, तीही बघा.

आणि कडब्यावर युरियाची प्रक्रिया. वर्षानुवर्षं सांगितली जाते, फार थोडे करतात, आणि करणारे बहुतेक पाण्याचं माप चुकवतात. १०० किलो कोरडी कुट्टी (बारीक कापलेला कडबा), ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा, कुट्टीचा थर पसरून त्यावर झारीने सारखा शिंपडायचा, थर तुडवून दाबायचा, त्यावर पुढचा थर. शेवटी प्लास्टिकने हवाबंद. पुस्तकात २१ दिवस लिहिलेले असतात. पण थंडीत ही क्रिया मंदावते, चार आठवडे थांबा. उघडल्यावर पिवळट-तपकिरी रंग आणि नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर काम झालं. लागेल तेवढा चारा काढून काही तास हवेवर पसरा, मग घाला. पहिल्या आठवड्यात थोडा-थोडा, साध्या चाऱ्यात मिसळून. प्रथिनांचं प्रमाण साधारण दुप्पट होतं आणि कडबा मऊ पडतो.

सहा महिन्यांखालच्या वासराला हे द्यायचं नाही. युरिया पाण्यात कालवून पाजायचा नाही, घमेल्यात अंदाजाने टाकायचा नाही, आणि युरियाची गोणी किंवा विरघळवलेलं पिंप जनावराच्या तोंडाला लागेल असं ठेवायचं नाही. तासाभरात जनावर जाऊ शकतं. तोंडाला फेस, थरथर, पोट फुगलेलं, अडखळत चालणं अशी लक्षणं दिसली तर लगेच १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाला फोन करा. डॉक्टर येईपर्यंत व्हिनेगर आणि थंड पाणी पाजणं हा प्रथमोपचार आहे. पण झटके येत असतील तर तोंडात काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं.

कुट्टी मात्र सगळ्यांनी करावी. मक्याचा अख्खा कडबा टाकला तर जनावर पानं ओरबाडून दांडा पायाखाली तुडवतं. इंच-दीड इंचाची कुट्टी केली की तो दांडाही पोटात जातो. अवकाळीत भिजलेली गंजी असेल तर वरच्या काळ्या, बुरशी लागलेल्या पेंढ्या बाजूला काढा, अंथरायलाही वापरू नका.

चाऱ्याची वेळही बदला. उन्हाळ्यात आपण पहाटे जास्त घालतो, ते तेव्हा बरोबर. हिवाळ्यात कडब्याचा मोठा वाटा संध्याकाळी सात-आठला द्या, म्हणजे आंबण्याची उष्णता मध्यरात्रीनंतर, नेमकी हवी तेव्हा मिळते. ढेप, घास सकाळी ऊन आल्यावर.

हिरवं दिसलं म्हणून घालू नका

केळीचं खोड. घड उतरला की खोड फुकट, आणि हिवाळ्यात हिरव्याची टंचाई, म्हणून घमेलीच्या घमेली कापून घातली जातात. खोडात नव्वद टक्क्यांवर पाणी असतं. दहा किलो खोड खाल्लेल्या हेल्याच्या पोटात नऊ लिटर गार पाणी आणि किलोभर निकस काडी गेली. पोट भरतं, भूक मरते, वजन उतरतं. पूर्ण बंद करा असं म्हणत नाही. चिरून, एक दिवस सुकवून, दुपारी, चार-पाच किलोपर्यंत, आणि सोबत ढेप. पानं खोडापेक्षा बरी.

ज्वारीचे फुटवे हा जास्त धोक्याचा प्रकार. खरिपाची ज्वारी कापल्यावर बुडख्यातून कोवळे हिरवे धुमारे येतात आणि मोकळी सोडलेली जनावरं आधी त्याच्यावर तुटून पडतात. गुडघ्याएवढ्या, पाण्याचा ताण पडलेल्या ज्वारीत सायनाइडचं विष असतं. जनावर श्वासासाठी तडफडतं आणि बघता-बघता आडवं होतं. यावर डॉक्टरांकडे सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेटचं इंजेक्शन असतं, पण वेळ हातात फार कमी असतो. त्या शेतात जनावर घालूच नका.

कापूस वेचून झाला की शेतात ढोरं सोडतो, ते एका अर्थी चांगलं. उरलेली कैरी-बोंडं खाल्ली जातात आणि गुलाबी बोंडअळीची पुढची पिढी बऱ्याच अंशी तिथेच संपते. फक्त शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते विचारून घ्या. तीन-चार महिन्यांखालच्या पारडांना सरकी किंवा सरकी ढेप घालू नका, त्यातलं गॉसिपॉल त्यांना पचवता येत नाही. मोठ्यांना चालतं.

उसाचे वाढे महिनाभर सलग दिले तर त्यातली ऑक्झॅलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून टाकतात, म्हणून सोबत क्षारमिश्रण हवंच. तसंही वाढत्या जनावराला रोज ३० ग्रॅम क्षारमिश्रण आणि तेवढंच मीठ बारा महिने द्यायला हवं.

पाणी, आणि हेल्यांचा मूतखडा

हौदातलं रात्रभर उघड्यावर राहिलेलं पाणी सकाळी हातात धरवत नाही. जनावर दोन घोट घेऊन तोंड वर करतं. पाणी कमी प्यायलं की कोरडा कडबा पोटात पुढे सरकत नाही, मग खाणं आणखी कमी. बोअरचं किंवा विहिरीचं ताजं पाणी मात्र डिसेंबरातही कोमट असतं. त्यामुळे वेगळं तापवायची गरज नाही. हौद रात्री रिकामा ठेवा, सकाळी मोटर लावून ताजा भरा आणि लगेच पाजा. दुपारी आणि संध्याकाळी पाचच्या आत परत एकदा. सकाळची वीज नसेल तर झाकलेल्या टाकीतून द्या, उघड्या हौदातून नको.

नर जनावरांत पाणी कमी पडण्याचा आणखी एक परिणाम आहे आणि तो बऱ्याचदा ओळखूच येत नाही. हेला पाय ताणून उभा राहतो, शेपटी हलवतो, दात खातो, थेंबथेंब मुततो किंवा काहीच येत नाही. लोकांना वाटतं पोट दुखतंय, मग तेल पाजतात. तो मूतखडा असतो. खुराकात धान्य आणि कोंडा जास्त, म्हणजे स्फुरद जास्त आणि कॅल्शियम कमी, त्यात पाणी कमी, की लघवीत खडे जमतात. लहानपणी खच्ची केलेल्यांची मूत्रनळी अरुंद राहते, त्यांना धोका जास्त. रोजचं मीठ इथे कामाला येतं, कारण मिठाने तहान वाढते. लघवी पूर्ण बंद असेल तर ती त्याच दिवशीची तातडी आहे, "उद्या बघू" म्हणालात तर मूत्राशय फुटतं.

जंत आणि उवा

थोडक्यात. पावसाळ्यात डबक्याकाठी, धरणाच्या फुगवट्याच्या काठी, कालव्याकाठी चरलेल्या जनावराच्या यकृतात चपटे जंत गेलेले असतात आणि त्यांचा परिणाम हिवाळ्यात दिसतो. जबड्याखाली सूज हीच खूण. साध्या जंतनाशकाने ते सगळे मरत नाहीत, म्हणून शेणाचा नमुना तपासून डॉक्टर सांगतील तेच औषध द्या. उवा हिवाळ्यात वाढतात, कारण केस लांब आणि जनावरं एकमेकांना खेटून. मानेवरचे, कानामागचे केस बाजूला सारून बघा. हेला खुंट्याला अंग घासत असेल तर थंडीला दोष देण्याआधी उवा शोधा.

तीन महिन्यांखालची पारडं

वर जे म्हटलं की थंडी सहज सोसतात, ते यांना लागू नाही. यांच्या पोटात अजून रवंथ नीट सुरू झालेलं नसतं, म्हणजे आतली उष्णता फारशी नाही. ती मुख्यतः दुधातून मिळते. आणि नर पारडं म्हटलं की आपल्याकडे दूध तोडलं जातं. म्हैस पान्हवण्यापुरतं सडाला लावायचं आणि ओढून घ्यायचं. थंडीत मेलेल्या पारडांतली बरीच भुकेने मेलेली असतात, हे स्पष्ट बोललेलं बरं. पहिल्या दोन तासांत दीड किलो आणि पहिल्या दिवसात एकूण तीन किलो चीक पोटात गेला पाहिजे. नंतर वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं दूध रोज. त्यांना वेगळ्या कोपऱ्यात, खाली इतकं जाड अंथरूण द्या की बसल्यावर पाय दिसू नयेत. रात्री बारदानाची झूल घाला, सकाळी काढून उन्हात टाका. ओली झूल अंगावर ठेवण्यापेक्षा झूल नसलेली परवडली.

बाजारातून आणलेलं जनावर

सावदा, वरखेडी किंवा आणखी कुठल्या बाजारातून हिवाळ्यात हेले आणले की आठवड्याच्या आत खोकला सुरू होतो, अशी तक्रार हमखास येते. उघड्या गाडीत, रात्रीच्या वाऱ्यात, उपाशी, दहा ठिकाणच्या जनावरांत मिसळून आलेलं असतं ते. शक्य असेल तर दिवसा आणा. आल्यावर आधी पाणी आणि कडबा, ढेप चार दिवसांनी हळूहळू. दोन-तीन आठवडे जुन्या जनावरांपासून लांब बांधा आणि लाळ्या-खुरकूत, घटसर्पाची लस झाली आहे का ते विचारा. उत्तर "हो" आलं तरी कानातला बिल्ला बघून दवाखान्यात खात्री करा.

डॉक्टर कधी बोलवायचे? ताप १०३ फॅरनहाइटच्या वर, किंवा पारडाचं अंग गार आणि तापमान ९९ च्या खाली. बसलेल्या जनावराचा श्वास मिनिटाला चाळीसच्या वर. नाकातून घट्ट पिवळा स्राव. घशाला सूज येऊन घरघर लागली तर घटसर्प समजा आणि तासही दवडू नका. उरलेल्या प्रतिजैविकाची बाटली घरातल्या घरात टोचू नका, अर्धवट डोसाने पुढचं औषध लागू पडत नाही.

सगळं एकदम जमणार नसेल तर आज संध्याकाळचं धुणं बंद करा आणि ताडपत्रीची वरची फट उघडा, दोन्हीला पैसे लागत नाहीत. चार-पाच दिवसांत पहाटेचा खोकला कमी व्हायला हवा. ढेप किंवा चुणी या आठवड्यात सुरू करा आणि टेपचा आकडा गोठ्याच्या खांबावर खडूने लिहून ठेवा. महिन्याने घेर इंचभरही वाढला नसेल, जमीन कोरडी आहे, पाणी ताजं आहे आणि ढेप खरोखर हेल्याच्याच पोटात जाते आहे, तर शेणाचा ताजा नमुना घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. नमुना सकाळचा, जमिनीवरून न उचलता थेट घेतलेला असावा.